सांता क्लारा काउंटीचा सुरुवातीचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांता क्लारा काउंटी हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, पण 'सिलिकॉन व्हॅली' म्हटलं की लगेच ओळख पटते. इथल्या मराठी घरांत आई-वडील सहा महिन्यांसाठी राहायला येतात. पहिल्या दोन आठवड्यांत नामांकित कंपन्यांची आवारं बाहेरून पाहून होतात, फोटो काढून होतात, आणि मग कधीतरी जेवताना बाबा विचारतात, "अरे, पण इथे आधी काय होतं?" मला हा प्रश्न मनापासून आवडतो. तो विचारला गेला की त्याच्या मागोमाग आणखी दहा येतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत, साधारण १८९० पर्यंतचे. उत्तरं देताना मी जमिनीचा धागा धरला आहे, कारण या खोऱ्यात कुठलीही गोष्ट खणायला घ्या, तळाशी 'ही जमीन कुणाची?' हाच वाद सापडतो.

काउंटी म्हणजे आपला जिल्हाच ना?

बराचसा. राज्याच्या खालची पायरी, जमिनीचं दप्तर, मालमत्ता कर, न्यायालय, तुरुंग ही कामं बघितली तर जिल्हाच. पण इथे वरून नेमलेला कलेक्टर नसतो. पाच सुपरवायझरांचं मंडळ लोक निवडून देतात. पोलिसांचं काम बघणारा शेरीफ आणि मालमत्तेचं मूल्य ठरवणारा असेसरसुद्धा निवडणुकीतून येतो. क्षेत्रफळ सुमारे ३,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त. आत १५ शहरं आहेत आणि पहिल्या दिवसापासून मुख्यालय सॅन होजेच आहे.

सगळ्यात आधी इथे कोण राहत होतं?

ओलोनी. हे नाव बऱ्याच नंतरचं आणि सरसकट दिलेलं आहे. प्रत्यक्षात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या भोवती अनेक छोटे समूह होते, प्रत्येकाची आपली गावं, आपला शिकारीचा आणि वेचणीचा टापू. सॅन होजेच्या आसपास तामियेन बोली बोलणारे लोक राहत. त्यांचं मुख्य अन्न ओकच्या झाडाची फळं. ती कडू असतात, म्हणून कुटून, पीठ करून, पुन्हा पुन्हा पाणी ओतून कडवटपणा काढावा लागतो. आपल्याकडे रानातला कडू कंद चिरून वाहत्या पाण्यात ठेवतात, तसंच हे शहाणपण. खाडीत लव्हाळ्यांच्या मोळ्या बांधून केलेल्या होड्या चालत. शिंपल्यांचे मोठमोठे ढीग त्यांच्या वस्त्यांच्या जागी पिढ्यान् पिढ्या साचत गेले, आणि त्यातच पूर्वजांना पुरलेलंही असे. चांगलं गवत आणि बी यावं म्हणून ते माळरान ठरवून जाळत. स्पॅनिश लोकांना जे 'मोकळं रान' दिसलं, ते मशागतीचं रान होतं.

आणि 'राहत होते' म्हणताना मी नेहमी थांबतो. ओलोनी आजही इथे आहेत. मुवेक्मा ओलोनी हा त्यांचा समूह संघराज्य सरकारची अधिकृत मान्यता मिळावी म्हणून अनेक वर्षं झगडतो आहे.

स्पॅनिश लोक इथे कधी आणि कशासाठी आले?

१७६९ मध्ये गास्पार दे पोर्तोलाची तुकडी माँटेरेचा उपसागर शोधत निघाली, तो ओळखू न आल्यामुळे पुढे सरकली आणि तिला अचानक सॅन फ्रान्सिस्कोची खाडी दिसली. परतण्याआधी नोव्हेंबरमध्ये काही दिवस त्यांनी एका ओढ्याकाठी, उंच रेडवूडच्या झाडाजवळ तळ दिला. ते झाड, एल पालो आल्टो, अजून उभं आहे; वय हजार वर्षांच्या वर. शहराला नाव त्याच्यावरूनच पडलं.

कारण सांगायचं तर स्पेनला उत्तरेकडून रशियाची आणि समुद्रावरून इंग्रजांची धास्ती होती. नकाशावर आपला म्हणून दाखवलेला किनारा माणसं वसवल्याशिवाय आपला राहत नाही, हे त्यांना कळत होतं. मार्च १७७६ मध्ये हुआन बाउतिस्ता दे आन्साची मोहीम इथून गेली. तिच्यातल्या पेद्रो फोंट या पाद्र्याने एका ओढ्याला कोपर्तिनोच्या संत जोसेफचं नाव दिलं. इटलीतला संत, स्पॅनिश पाद्री, ओलोनींचा ओढा, आणि आज कूपर्टिनो शहर.

मिशन आणि प्यूब्लो यांत फरक काय? दोन्ही एकाच वर्षी का?

१२ जानेवारी १७७७ ला मिशन सांता क्लारा दे आसीस सुरू झालं, कॅलिफोर्नियातल्या २१ मिशनांपैकी आठवं आणि स्त्री-संताच्या नावाचं पहिलं. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला होजे होआकिन मोरागाने सॅन होजे वसवलं. मिशन म्हणजे चर्च, शेती, गुरं आणि कारागिरीचे कारखाने असं सगळं पाद्र्यांच्या ताब्यात, काम करणारे बाप्तिस्मा दिलेले स्थानिक. प्रेसिडियो म्हणजे लष्करी ठाणं. प्यूब्लो म्हणजे साधं रयतेचं गाव, ज्याने ठाण्यांना धान्य पुरवायचं. अल्टा कॅलिफोर्नियातलं, म्हणजे स्पेनच्या ताब्यातल्या वरच्या कॅलिफोर्नियातलं, असं पहिलं गाव सॅन होजे. पहिले रहिवासी ६६, आणि 'स्पॅनिश' म्हणून आपण डोळ्यांसमोर आणतो तसे ते नव्हते. मेक्सिकोतून आलेल्या त्या कुटुंबांत मूळनिवासी, आफ्रिकी आणि युरोपीय रक्त मिसळलेलं होतं.

ग्वादालुपे नदीला पूर येई, म्हणून मिशन आणि गाव दोघांनाही जागा बदलाव्या लागल्या. गाव १७९० च्या दशकात आजच्या डाउनटाउनकडे सरकलं. पाद्री आणि गावकरी यांच्यात गुरं, पाणी आणि हद्द यांवरून तंटे सुरू झाले. बांधावरच्या भांडणाशिवाय गाव वसतच नाही, हे इथेही खरं.

मिशनमध्ये ओलोनींचं काय झालं?

या प्रश्नाचं उत्तर मी थोडक्यात देत नाही. इथल्या चौथीतल्या मुलांना मिशनची प्रतिकृती करायला सांगण्याची जुनी प्रथा आहे: पांढऱ्या भिंती, लाल कौलं, लहानशी घंटा. मुलं हौसेने करतात. त्या भिंतींच्या आत काय चालायचं ते मात्र प्रतिकृतीत दिसत नाही.

काही जण स्वतःहून आले, हे खरं. पण का आले ते पाहायला हवं. मिशनची आणि गावाची गुरं माळावर सुटली की बी आणि ओकची फळं राहत नसत. रान जाळायला बंदी आली. भूक पाठीशी लागली. एकदा बाप्तिस्मा झाला की परत जायची मुभा नव्हती. पळून गेलेल्याला शिपाई शोधून आणत आणि फटके बसत. अविवाहित मुलींना रात्री वेगळ्या कोठडीवजा खोलीत कुलपात ठेवत. दाटीवाटीच्या, ओलसर जागेत रोग पसरले. १८०६ च्या गोवराच्या साथीने खाडीभोवतीच्या मिशनांत माणसं धडाधड मेली, सगळ्यांत जास्त लहान मुलं आणि बायका. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त, म्हणून मग आणखी लांबून, पूर्वेकडच्या खोऱ्यांतून माणसं आणली गेली.

सॅन होजे ते सांता क्लारा जाणारा 'द अलामेडा' हा रुंद रस्ता आहे ना, त्याच्या दुतर्फा विलोची झाडं लावली ती मिशनमधल्या ओलोनींनी. गावकऱ्यांना उन्हातून चर्चला यायला सावली हवी होती. त्या झाडांतलं आता काही उरलेलं नाही, रस्ता आहे.

मेक्सिकोच्या काळात काय बदललं?

१८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि १८३० च्या दशकात मिशनं पाद्र्यांकडून काढून घेण्यात आली. कागदावर ठरलं होतं की जमिनीचा मोठा भाग तिथे राबलेल्या स्थानिकांना मिळेल. मिळाला तो बहुतेक ठिकाणी अधिकारी, माजी सैनिक आणि त्यांच्या नातेवाइकांना. हे रँचो, हजारो एकरांची गुरांची कुरणं. कातडी आणि चरबी जहाजांवर चढायची आणि बदल्यात कापड, भांडी, चहा उतरायचा. काम करणारे हात पुन्हा ओलोनींचेच.

पण दोन माणसांची नावं मला इथे घ्यायचीच आहेत.

लोपे इन्यीगो हा ओलोनी माणूस लहानपणी मिशनमध्ये आला, पुढे तिथला मुकादम-पुढारी झाला, आणि १८४४ मध्ये त्याने गव्हर्नरकडून खाडीकाठची सुमारे १,७०० एकर जमीन मिळवली. रँचो पोसोल्मी. ज्यांची भूमी होती त्यांच्यापैकी फार थोड्यांना असा कागद मिळाला.

दुसरी हुआना ब्रिओनेस. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून तिने फारकत मिळवली, दूध आणि भाजीपाला विकून मुलं वाढवली, औषधपाणी करून नाव कमावलं. १८४४ मध्ये तिने आजच्या लॉस आल्टोस हिल्सच्या बाजूची सुमारे ४,४०० एकरांची जमीन होजे गोर्गोनियो या ओलोनी मालकाकडून विकत घेतली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

अमेरिकेच्या ताब्यात हा भाग कसा आला?

जुलै १८४६ मध्ये सॅन होजेवर अमेरिकी झेंडा चढला. २ जानेवारी १८४७ ला सांता क्लाराजवळ चकमक झाली. अमेरिकी सैनिक रँचोंवरचे घोडे आणि गुरं ओढून नेत होते, त्यावर स्थानिक शेतकरी उठले. फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने कॅलिफोर्निया अमेरिकेला गेला. तहाच्या काही दिवस आधीच सोनं सापडलं होतं.

काउंटीची स्थापना नेमकी कधी झाली?

१८ फेब्रुवारी १८५० ला, पहिल्या २७ काउंट्यांपैकी एक म्हणून. गंमत अशी की कॅलिफोर्निया राज्य म्हणून संघात आलं ते ९ सप्टेंबर १८५० ला. काउंटी राज्यापेक्षा सात महिन्यांनी मोठी! तेव्हा तिच्यात आजच्या फ्रीमाँटचा भागही होता. १८५३ मध्ये अलामेडा काउंटी झाली तेव्हा तो तिकडे गेला.

पहिली लोकसंख्या विचारतात. १८५० च्या जनगणनेची या काउंटीची कागदपत्रं हरवली. १८६० मध्ये ११,९१२ माणसं होती आणि १८७० मध्ये २६,२४६.

सॅन होजे राज्याची राजधानी होती, हे खरं का?

हो, पहिली. १५ डिसेंबर १८४९ ला विधिमंडळ इथे भरलं, कच्च्या विटांच्या दुमजली इमारतीत. पाऊस, चिखल, राहायला खोल्या नाहीत. एक सिनेटर दारूचा इतका मोकळा आग्रह करी की त्या सभेला 'हजार प्यालांचं विधिमंडळ' असं नाव पडलं, आणि तेच सगळीकडे सांगितलं जातं.

त्या गमतीखाली एक गोष्ट झाकली जाते, तिचा मला फार त्रास होतो. काउंट्या निर्माण करणाऱ्या याच सभेने एप्रिल १८५० मध्ये मूळनिवाशांच्या 'शासन आणि संरक्षणा'चा कायदा केला. त्याच्या आधारे बेकार ठरवलेल्या स्थानिक माणसाला पकडून, त्याचा दंड भरणाऱ्याकडे कामाला जुंपता येई. मुलांना गोऱ्यांच्या घरी वर्षानुवर्षं ठेवून घेता येई. आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे, वेठ. गोऱ्या माणसाला केवळ स्थानिकाच्या साक्षीवर दोषी धरता येणार नाही, हेही त्यातच. पहिला गव्हर्नर पीटर बर्नेट याने जानेवारी १८५१ मध्ये याच गावातून विधिमंडळाला सांगितलं की मूळनिवासी संपेपर्यंत हे संहाराचं युद्ध चालणार, असं धरून चालावं.

राजधानी लवकरच व्हालेहोला गेली आणि फिरत फिरत सॅक्रामेंटोत स्थिरावली.

रँचोवाल्यांच्या जमिनी गेल्या कशा? तहात तर हमी होती.

हमी होती. पण १८५१ च्या भूमी कायद्याने पुराव्याचं ओझं मालकावर टाकलं: जमीन तुझी आहे, हे तूच आयोगासमोर सिद्ध कर. जुन्या कागदांबरोबर एक हाताने काढलेला नकाशा असे, त्याला दिसेन्यो म्हणत. त्यावर डोंगर, ओढा, एखादं मोठं झाड, बस्स. आपल्या जुन्या खतांतली चतुःसीमा आठवा, 'पूर्वेस ओढा, पश्चिमेस वडाचे झाड'. गावात सगळ्यांना ती हद्द माहीत असते, पण मोजणीदाराला आणि परक्या कोर्टाला ती पुरत नाही.

मराठी वाचकाला इथे इनाम कमिशन आठवेल. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात सनदा तपासायचं काम जोरात चाललं होतं, त्याच सुमारास कॅलिफोर्नियात हे. दोन्हीकडे राज्य बदललं होतं आणि दोन्हीकडे पिढीजात वहिवाटीला नव्या सरकारचा शिक्का हवा होता.

संपूर्ण कॅलिफोर्नियातून ८१३ दावे आले आणि त्यांतले बरेच मंजूरही झाले. पण निकालापर्यंत सरासरी सतरा वर्षं लागली. तोवर वकिलांची फी, कर्जाचं व्याज, आणि जमिनीवर घुसून बसलेले लोक. दावा जिंकून जमीन हरलेली माणसं कितीतरी. हुआना ब्रिओनेस मात्र टिकली. चांगला वकील गाठून तिने आपला हक्क मंजूर करून घेतला. पोसोल्मीच्या मालकीचं अंतिम पत्र १८८१ मध्ये निघालं. इन्यीगोला जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती आणि जमिनीचे बरेच तुकडे दुसऱ्यांच्या हातात होते.

न्यू अल्मादेनची खाण इतकी महत्त्वाची का?

कारण सोन्याच्या धावपळीला पारा लागत होता आणि तो या काउंटीत निघत होता. सॅन होजेच्या दक्षिणेच्या टेकड्यांत लाल दगड मिळतो, हिंगूळ. ओलोनी शतकानुशतकं तो अंगाला रंगवायला वापरत, दूरवरून लोक त्यासाठी येत. १८४५ मध्ये आंद्रेस कास्तिएरो या मेक्सिकन लष्करी अधिकाऱ्याने ओळखलं की हा पाऱ्याचा दगड. स्पेनमधल्या प्रसिद्ध खाणीवरून नाव पडलं न्यू अल्मादेन. मूळ शब्द अरबी, अर्थ 'खाण'.

हिंगूळ भट्टीत तापवला की पारा वाफ होऊन निघतो आणि थंड केला की हाती येतो. सोन्याचे बारीक कण पारा धरून ठेवतो. मग तो मिश्रगोळा तापवायचा, पारा उडतो, सोनं उरतं. हा पारा स्पेनहून समुद्रमार्गे आणण्याऐवजी शेजारीच मिळाल्यामुळे कॅलिफोर्नियाचं सोनं आणि पुढे नेव्हाडाची चांदी भराभर काढता आली. ७६ पौंडांच्या लोखंडी बुधल्यांत तो भरत. या खाणीतून असे दहा लाखांहून जास्त बुधले बाहेर पडले. टेकडीवर कामगारांच्या दोन वस्त्या होत्या, मेक्सिकनांची स्पॅनिशटाउन आणि कॉर्नवॉलहून आलेल्यांची इंग्लिशटाउन.

मालकीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८६३ मध्ये कास्तिएरोचा हक्क फेटाळला गेला. लगेच राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी खाण सरकारजमा करायच्या आदेशावर सही केली. यादवी युद्ध ऐन भरात होतं. पण सरकारचा माणूस टेकडीवर पोचला तर लोक हटेनात, आणि राज्यभरच्या खाणवाल्यांना वाटलं, आज यांची तर उद्या आमची. कॅलिफोर्निया दुरावेल या भीतीने लिंकन यांना आदेश मागे घ्यावा लागला.

त्या पाऱ्याने ओढे आणि ग्वादालुपे नदीही नासवली. तिथले मासे खाऊ नयेत अशा सूचना आजही लावलेल्या असतात.

मग फळबागा कुठून आल्या?

गुरांनंतर गहू आला आणि गव्हानंतर फळं. १८५६ मध्ये पेलिये या फ्रेंच भावांनी फ्रान्समधून प्रूनच्या कलमकाड्या आणल्या. प्रून म्हणजे वाळवलेला आलुबुखार. खोऱ्याची माती, उन्हाळाभर न पडणारा पाऊस, जमिनीखालून उसळणारं पाणी, सगळं त्याला मानवलं. जानेवारी १८६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को–सॅन होजे रेल्वे सुरू झाली आणि माल हलू लागला. पुढे जर्दाळू, चेरी, आणि वसंतात मैलोन् मैल पांढरा बहर.

या बागांत आणि रुळांवर राबलेले पुष्कळ जण चिनी होते. सॅन होजेतला त्यांचा मोहल्ला ४ मे १८८७ ला जाळण्यात आला. शहराने त्याबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये.

महाराष्ट्राशी इथला काही जुना संबंध आहे का?

एक आहे, आणि तो कुणाला सांगितला की डोळे चमकतात. सॅन होजेतून पूर्वेला बघितलं की हॅमिल्टन पर्वतावर पांढरे घुमट दिसतात. ती लिक वेधशाळा. जेम्स लिक या धनिकाच्या देणगीतून ती १८८८ मध्ये पूर्ण झाली. ३६ इंची दुर्बीण तेव्हा जगातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती, आणि लिक स्वतः तिच्या तळाशी पुरलेला आहे. याच वेधशाळेची तुकडी विल्यम कॅम्पबेल यांच्या नेतृत्वाखाली २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण टिपायला निघाली आणि पोचली कुठे, तर सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला. पुण्याच्या वेधशाळेचे नायगमवालाही त्याच गावी वेध घेत होते. आपल्यापैकी कुणीही सॅन होजेला येण्याच्या कितीतरी आधी सॅन होजेच करमाळ्याकडे येऊन गेलं होतं.

हे सगळं पाहायचं तर कुठे जावं?

एका दिवसात होत नाही, दोन ठेवा. डाउनटाउन सॅन होजेत पेराल्टा अडोबी हे १७९७ चं मातीच्या विटांचं घर आहे, जुन्या गावाचं उरलेलं. सांता क्लारा विद्यापीठाच्या आवारात मिशनचं चर्च आहे; इमारत आग लागल्यानंतर १९२८ मध्ये नव्याने बांधलेली, पण जागा जुनी. न्यू अल्मादेनची टेकडी आता काउंटीचं उद्यान आहे. चढ बराच आहे, आई-बाबांना घेऊन सकाळी लवकर जा, जवळच खाणीचं संग्रहालय आहे. एल पालो आल्टो ओढ्याकाठी रेल्वेपुलाला लागून आहे.

आणि परतताना १०१ महामार्गावर माउंटन व्ह्यूजवळ खाडीच्या बाजूला एक अजस्र गोदाम लागतं, हँगर वन. १९३० च्या दशकात नौदलाने एअरशिपसाठी, म्हणजे वायू भरलेल्या प्रचंड उडत्या नौकांसाठी बांधलेलं. ते सगळ्यांना ओळखीचं असतं, मुलं गाडीतून बोट दाखवतात. ते ज्या मॉफेट फील्डवर उभं आहे, ती जमीन पोसोल्मीची. लोपे इन्यीगोची.